तळे सरकारचे, दुकान घरचे

कापडाच्या धंद्यात मोसम कशाला म्हणतात हे आमच्या वाचकांना सांगायला नको. लग्नसराई, ईद आणि दिवाळी अशा तीन वेळा गल्ला भरतो, आणि उरलेल्या महिन्यांचे भाडे, नोकरांचे पगार आणि देणी त्याच गल्ल्यातून भागवावी लागतात. पण वर्षातले जेमतेम पाच महिने चालणारा, मालकीच्या नसलेल्या पाण्यावर आणि जंगलावर उभा असलेला, आणि तरीही दोन-दोन, तीन-तीन पिढ्या टिकलेला धंदा पाहायचा असेल तर अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिनेसोटा राज्यात जावे लागते. आमचा भाचा मिनियापोलिस शहरात नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असता आम्ही त्या मुलखात चार दिवस काढले. व्यापाऱ्याच्या नजरेला जे दिसले आणि पुढे चौकशी करून जे कळले ते येथे देत आहोत.

मिनेसोटा आणि कॅनडा यांच्या सरहद्दीला लागून सुमारे १० लाख ९० हजार एकरांचे राखीव जंगल आहे. त्याचे नाव बाउंडरी वॉटर्स. त्यात हजाराहून अधिक तळी आहेत आणि आत रस्ता नाही, दुकान नाही, दिवा नाही. माणसे कनू नावाच्या निमुळत्या, वल्ह्याच्या होडीतून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. मध्ये जमीन आली की होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची, सामान पाठीवर घ्यायचे आणि पायवाटेने पुढच्या पाण्यापर्यंत चालायचे. या पायवाटेला पोर्टेज म्हणतात. तिची लांबी 'रॉड' या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे साधारण एका होडीची लांबी. आम्हाला आपल्या जुन्या गजाची आठवण झाली. माप हातातल्या वस्तूवरून ठरते, हे सगळीकडे सारखेच.

आत काही मिळत नाही म्हणूनच काठावरच्या लोकांचा धंदा चालतो. जंगलाच्या तोंडाशी दोन लहान गावे आहेत. ईली नावाच्या गावाची वस्ती तीन हजारांच्या थोडी वर, आणि ग्रँड मरे गावाची तेराशेच्या आसपास. ग्रँड मरेहून गनफ्लिंट ट्रेल नावाचा ५७ मैलांचा रस्ता जंगलात शिरतो आणि तिथेच संपतो. या रस्त्यावर आणि ईलीच्या आसपास तळ्याकाठी कुटुंबांची ठाणी आहेत. तंबू ठोकायच्या काही जागा, चार-सहा लाकडी खोल्या, होड्यांची शेड, एक धक्का आणि एक दुकान, असा साधारण पसारा. मालकाला तिकडे आउटफिटर म्हणतात. आपल्याकडचा मंडपवाला लग्नघरासाठी जे करतो ते हा प्रवाशासाठी करतो. तंबू, गाद्या, भांडी, चूल, सगळे त्याचे. गिऱ्हाईक अंगावरच्या कपड्यांनिशी आले तरी चालते.

गिऱ्हाईक आदल्या संध्याकाळी येते आणि रात्री ठाण्यावरच उतरते. मालक नकाशा उघडतो आणि त्यावर खुणा करून वाट समजावतो. कुठे मासा लागतो, कोणत्या पोर्टेजवर चिखल आहे, दुपारनंतर कोणत्या तळ्यावर वारा सुटतो, हे त्या नकाशावर छापलेले नसते. हे ज्ञान मालक विकत नाही, फुकट देतो. आमच्या मते संपूर्ण दुकानात सर्वांत किमती माल हाच आहे. याच्याच ओढीने माणसे वर्षानुवर्षे त्याच दारात येतात, आणि पुढे त्यांची मुले येतात.

जेवणाचे बांधकाम हा स्वतंत्र हुन्नर आहे. जंगलात पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. त्यामुळे प्रत्येक जिन्नस मूळ वेष्टनातून काढून, माणशी आणि जेवणवार मोजून पिशव्यांत भरावा लागतो. पाच दिवसांच्या प्रवासात चौथ्या दिवशीचे मीठ विसरले तर बदनामी दुकानाची होते. अस्वलांचा सुळसुळाट असल्याने अन्न झाडाला टांगायचे किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत ठेवायचे, असा सरकारी हुकूम २०२४ साली निघाला. तेव्हा त्या पेट्याही आता भाड्याच्या सामानात आल्या. जाताजाता एक सूचना. तिथल्या तयार न्याहारीत डुकराचे मांस सर्रास असते. आपल्यापैकी कोणी गेले तर आरक्षणाच्या वेळीच सांगावे.

परत आलेल्या सामानाची व्यवस्था पाहण्यात आमचा अर्धा दिवस गेला, आणि तो वाया गेला असे वाटत नाही. प्रत्येक तंबू पुन्हा उभा करतात, वाळवतात, शिवण आणि मच्छरजाळी उजेडात धरून पाहतात. नायलॉनच्या तंबूला आतून जो लेप असतो तो ओला घडी करून ठेवला की चिकट होतो आणि उतू लागतो. ज्याने कधी दमट गोदामात ताग्याचा सत्यानाश पाहिला आहे त्याला हे समजावण्याची गरज नाही. शेडच्या कोपऱ्यात शिलाई मशीन होते आणि मोसमभर ते थंड होत नाही, असे मालकीणबाई म्हणाल्या.

आता होडीविषयी. विणकर वाचकांनी इकडे लक्ष द्यावे, कारण ही होडी कापडाची आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर विमाने बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने ॲल्युमिनियमच्या कनू काढल्या आणि कित्येक वर्षे भाड्याच्या धंद्यावर त्यांचेच राज्य होते. सतरा फुटी होडीचे वजन सुमारे ७५ पौंड, म्हणजे ३४ किलो. पुढे केव्हलार आले. ड्यू पॉन्ट कंपनीतल्या स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ साली शोधलेला हा धागा बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटासाठी प्रसिद्ध आहे. त्याच धाग्याचे विणलेले कापड साच्यात अंथरून त्यावर राळ चढवली की होडी तयार होते. साडेअठरा फुटी होडी अवघ्या ४२ पौंडांची, म्हणजे १९ किलोची. मिनेसोटातच विनोना गावी अशा होड्यांचा मोठा कारखाना आहे. रंग कापडाचाच, सोनेरी पिवळा, आणि उन्हात धरली तर आडवा-उभा ताणा-बाणा दिसतो.

यात धंद्याचे गणित आहे. ३४ किलोची होडी जंगलातल्या चढावर खांद्यावर घेणे तरुणाचे काम. १९ किलोची साठीचा माणूसही उचलतो. म्हणजे जे गिऱ्हाईक वयामुळे गळाले असते ते आणखी दहा-पंधरा वर्षे टिकले. अशी नवी होडी साधारण साडेतीन हजार डॉलरला पडते आणि दिवसाचे भाडे साठ डॉलरच्या आसपास मिळते. उदाहरणादाखल, मोसमात ती ४५ दिवस बाहेर गेली तर २,७०० डॉलर होतात. खरी खुबी पुढे आहे. एक-दोन, फार तर तीन मोसम वापरली की शरद ऋतूत ती होडी विकून टाकतात. जुन्या होडीला मागणी चांगली असते, कारण घेणारा ती आधीच वल्हवून बसलेला असतो. माल जुना होऊन भंगारात जाण्याआधी त्याचा पैसा मोकळा करायचा. आपल्याकडे कित्येक दुकानांत दहा वर्षांपूर्वीचे तागे 'कधीतरी जातील' म्हणून फडताळात पडून असतात.

अर्थात या २,७०० डॉलरमधून विमा, ट्रेलर, दुरुस्ती, पगार आणि थंडीतल्या महिन्यांचा खर्च वजा करायचा असतो. कामगार बहुतेक कॉलेजची मुले. ती ऑगस्टच्या अखेरीस अभ्यासाला निघून जातात आणि सप्टेंबर घरच्या माणसांनाच ओढावा लागतो. तळ्यांवरचा बर्फ एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये फुटतो. काही ठाणी हिवाळ्यात कुत्र्यांची गाडी, बर्फावरच्या घसरपट्ट्या आणि गोठलेल्या तळ्यातली मासेमारी यांवर चालतात. बाकीचे मालक हिवाळ्यात शहरांतल्या प्रदर्शनांत गाळे लावून पुढच्या मोसमाचे गिऱ्हाईक जमवतात.

सामानाच्या पिशवीविषयीही दोन शब्द. चामड्याचे आणि कॅनव्हासचे काम करणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंना त्या आवडतील. कॅनडातून आलेला कामिल पॉइरियर नावाचा फ्रेंच मोची डुलुथ गावी जोडे शिवत असे. जंगलात लाकूडतोडे आणि खाणशोधे जात होते हे पाहून त्याने जाड कॅनव्हासची, चामड्याच्या पट्ट्यांची चौकोनी पिशवी केली आणि १८८२ साली तिचे पेटंट घेतले. छत्री अडकवण्याची सोयही त्यात होती. १९११ साली तो धंदा दुसऱ्यांच्या हाती गेला, पण पिशवी डुलुथ पॅक या नावाने त्याच गावात शिवली जाते. होडीच्या तळाशी सपाट बसते, म्हणून नव्या नायलॉनच्या पिशव्यांनीही तोच आकार उचलला आहे. मोच्याने नवीन गिऱ्हाईक कोणत्या वाटेने चालले आहे ते पाहिले आणि जोड्यावरून पिशवीवर आला, एवढीच त्याची हिकमत.

खरे म्हणजे त्या पाण्यावर कापडाचा व्यापार त्याहून जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस माँट्रियलचे व्यापारी ग्रँड पोर्टेज या ठाण्यावर माल आणत आणि मूळ रहिवाशांकडून बीव्हर प्राण्याची कातडी घेत. त्या मालात कापड आणि लोकरीची घोंगडी मोठ्या प्रमाणात असत. हडसन्स बे कंपनीची घोंगडी इंग्लंडात विटनी गावी विणली जात आणि कडेला विणलेल्या लहान काळ्या रेघांवरून घोंगडीचा आकार ओळखला जाई. ओजिब्वे लोक त्या मुलखाचे जुने मालक. बर्च झाडाच्या सालीची कनू हा त्यांचा हुन्नर, आणि आजची केव्हलारची होडी त्याच घाटाची आहे. १८५४ च्या तहात त्यांची जमीन अमेरिकेच्या सरकारकडे गेली.

जमीन सरकारची, ही गोष्ट या धंद्याच्या मुळाशी आहे. मालकाचे दुकान, होड्या आणि काठावरची थोडी जागा त्याची. ज्यासाठी गिऱ्हाईक येते ते तळे मात्र त्याचे नाही. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात रात्रीच्या मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी परवाने मोजून दिले जातात. कोणत्या प्रवेशद्वारातून दिवसाला किती टोळ्या जातील ते ठरलेले असते. एका टोळीत नऊ माणसे आणि चार होड्या, याहून अधिक नाही. मोठ्या माणसाची फी १६ डॉलर, आणि ती सरकारची. शेडमध्ये पन्नास होड्या तयार आहेत म्हणून पन्नास जातील असे नाही. २०२२ साली गर्दी फार झाल्याचे कारण देऊन काही दारांचे परवाने आणखी कमी केले गेले. दुकानदाराने त्यात बोलायला जागा थोडी.

याआधी तर धंदेच्या धंदे बुडाले आहेत. १९४० च्या दशकात ईलीहून पाण्यावर उतरणारी लहान विमाने गिऱ्हाइकांना थेट आतल्या तळ्यांवरच्या लॉजवर नेत. १९४८ साली आतल्या खासगी जागा विकत घेण्याचा कायदा झाला. डिसेंबर १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्या जंगलावरून चार हजार फुटांखाली विमाने उडवण्यास बंदी केली. काही मालक कोर्टात गेले आणि हरले. १९७८ च्या कायद्याने बहुतेक तळ्यांवरून मोटारबोटी गेल्या. पाण्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी भागात त्यांना परवानगी राहिली, आणि ज्या रिसॉर्टवाल्यांना नुकसान नको होते त्यांना आपली मालमत्ता सरकारला विकण्याची मुभा मिळाली. काहींनी पैसे घेऊन धंदा बंद केला. ज्यांनी मोटारी सोडून वल्ह्याच्या होड्यांवर भर दिला त्यांना तोच कायदा पुढे फळला, कारण मोटारीचा आवाज नसलेले पाणी पाहायला देशभरातून माणसे येऊ लागली. ईली गावात मात्र त्या कायद्याचा राग दोन पिढ्या टिकला. गावाजवळच्या तांब्याच्या खाणीवरूनही असेच तट पडले. २०२३ च्या जानेवारीत सव्वादोन लाख एकर जमीन वीस वर्षांसाठी खाणकामाला बंद करण्यात आली, पण भांडण त्याने मिटले नाही. एकाला खाणीत बारमाही पगार दिसतो, दुसऱ्याला गढूळ झालेले तळे. दोघांची पोटे आहेत.

डोरोथी मोल्टर या बाईंची हकिकत तिकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. नाइफ लेक नावाच्या तळ्यातल्या बेटावर त्यांच्या खोल्या होत्या. सरकारने जागा ताब्यात घेतली, पण लोकांनी गलका केल्यामुळे बाईंना मरेपर्यंत राहू दिले. विमाने बंद झाल्यावर शीतपेयांच्या बाटल्या येणे थांबले, तेव्हा रिकाम्या बाटल्या हाताशी होत्या म्हणून त्यांनी रूट बिअर करायला सुरुवात केली. नावात बिअर असली तरी ते दारू नसलेले गोड पेय आहे, गैरसमज नसावा. तळ्यातला बर्फ कापून ठेवून त्या ती थंड करीत. विक्रीला परवानगी नव्हती म्हणून लोक खुशीने पैसे ठेवून जात. वर्षाला हजारो बाटल्या खपत. १९८६ साली बाई वारल्या, आणि त्यांच्या खोल्या उचलून ईलीत आणून तिथे संग्रहालय केले. तळ्यावर आता काही नाही.

हुकुमापलीकडे आसमानी आहेच. ४ जुलै १९९९ रोजी वादळाने लाखो एकरांतली झाडे झोपवली. पडलेले लाकूड वाळले की आग लागणार हे ओळखून गनफ्लिंट ट्रेलच्या मालकांनी सरकारी मदतीने घरांवर पाण्याचे फवारे बसवले. पंप तळ्यातून पाणी ओढणारे. मे २००७ मध्ये हॅम लेकची आग भडकली, दोन्ही देशांत मिळून सुमारे ७५ हजार एकर जळाले आणि शंभराहून अधिक इमारती गेल्या. फवारे चालू होते त्या ठिकाणच्या बहुतेक वाचल्या. मार्च २०२० मध्ये कॅनडाची सरहद्द बंद झाली आणि ऑगस्ट २०२१ पर्यंत पलीकडच्या ठाण्यांना अमेरिकन गिऱ्हाईक मिळाले नाही. अलीकडे मात्र कधी नव्हे इतकी गर्दी झाली. मग २१ ऑगस्ट २०२१ रोजी दुष्काळ आणि वणव्यामुळे सगळे जंगलच बंद केले गेले, आणि ऐन मोसमात दोन आठवडे आरक्षणे रद्द करत बसावे लागले. घेतलेले पैसे परत करायचे की पुढच्या वर्षी जमा धरायचे, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या कुवतीप्रमाणे सोडवला. आमचे यजमान म्हणाले, जुन्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी पैसे मागितलेच नाहीत.

एवढे सगळे सोसून हे धंदे शेवटी अडतात ते घरात. गनफ्लिंट लॉज हे त्या रस्त्यावरचे नावाजलेले ठाणे. जस्टिन करफूट या बाईंच्या आईने ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस घेतले. मंदीत कुटुंबाचे शहरातले घर गेले आणि डॉक्टर होऊ पाहणारी ही मुलगी जंगलात येऊन होड्या, मासेमारी आणि लाकूडफाटा शिकली. पुढे मुलाने आणि सुनेने ते चालवले. २०१६ साली लॉज कुटुंबाबाहेर विकले गेले. जवळपास नव्वद वर्षे एका घरात धंदा राहणे ही लहान गोष्ट नाही.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्यापुढेही हाच पेच होता. मुलगा ठाण्यावर राबतो, मुलगी शहरात नोकरी करते, दोघांचा हक्क सारखा. धंद्याची किंमत त्याच्या नफ्यावर लावली तर मुलगा बहिणीचा हिस्सा हप्त्याने देऊ शकतो. पण तळ्याकाठच्या जमिनीला शहरातले श्रीमंत सुट्टीच्या घरासाठी भलताच भाव देतात, आणि त्या भावाने हिस्सा काढला तर मुलाला ठाणे विकावेच लागेल. आपल्या पेठांत बापजाद्यांच्या दुकानांचे असेच झालेले आम्ही पाहिले आहे. दुकान चालते, पण जागेचा भाव धंद्याला खाऊन टाकतो. बाहेरच्याला विकायचे म्हटले तर तिकडे मालकच गिऱ्हाइकाला हप्ते पाडून देतो आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कागद आपल्या नावावर ठेवतो. बँक टाळता येते म्हणून मिनियापोलिसच्या सोमाली मुसलमानांपैकी काहींनी घरे अशीच घेतली, आणि हप्ता चुकला तेव्हा घर आणि भरलेली रक्कम दोन्ही गमावली. ओरड झाल्यावर २०२४ साली राज्याने त्याचे नियम कडक केले. असा कागद करताना आधी वकील गाठावा.

यजमानांच्या वकिलाने वेगळा तोडगा सुचवला होता. जमीन आणि धंदा दोन्ही एका घरच्या कंपनीच्या नावे करायचे, भावा-बहिणीचे भाग निम्मेनिम्मे, राबणाऱ्याने आधी पगार घ्यायचा आणि मग उरलेला नफा वाटायचा, आणि दोघांच्या सहीशिवाय जमीन विकायची नाही. मुलाला पगाराचा आकडा कमी वाटत होता. मुलीला दहा वर्षांनंतर बाहेर पडण्याची वाट हवी होती. परवान्यांची आरक्षणे जानेवारीच्या अखेरीस उघडतात, आणि त्याआधी कागद व्हावा, म्हणजे नव्या मोसमाची आगाऊ रक्कम कोणाच्या खात्यात घ्यायची हे तरी कळेल, असे त्या घरच्या मालकीणबाई आम्हाला निरोप देताना म्हणाल्या.